मदत हवी आहे: नाळेच्या पेशींवर एचएलए दिसतोय, दिसायला नको ना?

पेशीवाली: कृपया लवकर सांगा, सोमवारी गाईडसमोर डेटा ठेवायचा आहे. नाळेच्या पेशी एचएलएची, म्हणजे पेशीवरच्या ओळखपत्रासारख्या प्रथिनांची, जनुकं बंद ठेवतात, म्हणून आईची प्रतिकारशक्ती बाळावर तुटून पडत नाही, असंच शिकलो ना आपण? माझ्या फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरची चमक मोजणारी चाचणी) तर अख्खं शिखर उजवीकडे, म्हणजे एचएलए आहे अशा बाजूला, सरकलंय, आयसोटाइप कंट्रोल (तुलनेसाठीची, एचएलएला न चिकटणारी अँटिबॉडी) कुठच्या कुठे मागे. तीनदा केलं, तीनदा तेच. पेशींची अदलाबदल झाली असेल का?

घाटमाथा: कोणत्या पेशी? कोणती अँटिबॉडी? आणि नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीची. तुम्हाला वार म्हणायचंय.

रात्रपाळी: आधी मायकोप्लाझ्मा (पेशींच्या कल्चरमध्ये शिरणारे जिवाणू) तपासा. माझे सहा महिने त्यात गेले. बाकी सगळं नंतर.

पेशीवाली: बरं, वार. मायकोप्लाझ्मा गेल्या महिन्यात निगेटिव्ह होता. पेशी जेईजी-३, वारेच्या कर्करोगातून आलेली पेशीमालिका. अँटिबॉडी क्लास वनची (एचएलएचा पहिला गट: ए, बी, सी, ई, जी), नेहमीचीच.

घाटमाथा: नेहमीची म्हणजे कोणती? क्लोन, म्हणजे अँटिबॉडीचा नेमका प्रकार, बघा बाटलीवर.

सातवा_महिना: माझा ग्रुप ओ निगेटिव्ह, मिस्टरांचा पॉझिटिव्ह. डॉक्टर इंजेक्शन घ्या म्हणतात ते यासाठीच का?

घाटमाथा: नाही ताई, ते वेगळं. तो लाल पेशींवरच्या आरएचचा प्रश्न आहे, एचएलएचा नाही. ते इंजेक्शन, अँटी-डी, साधारण २८ व्या आठवड्यात देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. डॉक्टर सांगतायत तर टाळू नका.

मनूची_आई: प्रतिकारशक्तीचा विषय निघालाय म्हणून सांगते. माझे दोन गर्भपात झाले. मग नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी टोचून घेतल्या आणि तिसऱ्या खेपेला मनू झाली. ज्यांचं होत नाही त्यांनी हे करून बघा.

रात्रपाळी: मनूचा आनंदच आहे, पण करून बघा म्हणू नका. १९९९ साली त्यावर मोठी चाचणी छापून आली, फायदा दिसला नाही. २००२ पासून अमेरिकेत औषध नियामक एफडीएने ते चाचणीबाहेर करायला बंदी घातली. दोन गर्भपातांनंतर उपचार न करताही पुष्कळ जणींचं तिसरं बाळंतपण नीट होतं.

मनूची_आई: तुम्ही त्यातून गेला नाहीत.

पेशीवाली: अहो, माझा प्रश्न! बाटली पाहिली. क्लोन डब्ल्यू६/३२.

घाटमाथा: मग झालं. हा क्लोन ए, बी, सी, ई, जी सगळ्यांनाच चिकटतो. जेईजी-३ वर ए आणि बी नाहीत, पण सी, ई, जी आहेत. तुमचं शिखर खरं आहे. चुकतंय ते 'एचएलए बंद' हे वाक्य. आईच्या रक्तात बुडालेला वारेचा बाहेरचा थर, सिन्सिटिओट्रोफोब्लास्ट, त्यावर खरंच काही नसतं. गर्भाशयाच्या अस्तरात घुसणाऱ्या पेशी मात्र ए, बी मिटवून सी, ई, जी ठेवतात. पूर्ण कोऱ्या राहिल्या तर एनके पेशींना (ओळख न दाखवणाऱ्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) तेच खटकेल. आणि सी वडिलांकडूनही येतो, आईच्या एनके पेशी तो वाचतात. एनके पेशींवरचा सी वाचणारा ग्राही म्हणजे केआयआर; आईचा केआयआर प्रकार एए आणि बाळात सीचा सी२ हा प्रकार असेल तर प्रीएक्लॅम्प्सियाचा (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा आजार) धोका वाढतो, हे २००४ साली दिसलं.

प्रमोटर: मूळ कारण मिथायलेशन, म्हणजे जनुक बंद ठेवणारी डीएनएवरची रासायनिक खूण. ती पुसणारं अझासायटिडिन घाला, सगळं उघडेल.

घाटमाथा: त्याने सोमवारचा प्रश्न सुटत नाही. मिथायलेशनचा मुद्दा एचएलएच्या दुसऱ्या गटाला, क्लास टूला, लागू आहे. तिथे ती जनुकं चालू करणारं सीआयआयटीए बंद असतं, म्हणून एरवी ते जागं करणारा इंटरफेरॉन गॅमा घातला तरी डीआर (क्लास टूचा एक प्रकार) वर येत नाही. पेशीवाली, जार पेशी (वारेच्या कर्करोगातूनच आलेली दुसरी पेशीमालिका) मिळवा, त्यांवर क्लास वन नसतो, तोच तुमचा निगेटिव्ह कंट्रोल. फक्त जी बघायला एमईएम-जी/९ हा क्लोन.

पेशीवाली: शेजारच्या लॅबमध्ये जारची एक व्हायल आहे, आत्ताच विचारलं. आज वितळवते. एमईएम-जी/९ सोमवारच्या आत येणार नाही. जेईजी-३ आणि जार एकाच ग्राफवर दाखवले तर चालेल का?

घाटमाथा: चालेल. पण वितळवल्यावर लगेच अँटिबॉडी लावू नका, आधी पेशी दोनदा वाढवून नव्या भांड्यात घ्या. सोमवार पुढे ढकलता येतो का बघा.

सातवा_महिना: इंजेक्शन मंगळवारी घेतेय. आभार.