रक्तपुरवठा घटला म्हणजे गाठ मेली असं नाही
सांगलीच्या एका ताईंनी विचारलंय, तीन इंजेक्शनांनंतर डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) फायब्रॉइडचा, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठीचा, रक्तपुरवठा कमी दिसला, तर ऑपरेशन टळेल का? हे इंजेक्शन म्हणजे ल्युप्रोलाइड, महिन्याला ३.७५ मिलिग्रॅम. ते इस्ट्रोजेन, म्हणजे गाठ वाढवणारं स्त्री-संप्रेरक, कमी करतं. त्यामुळे गर्भाशयाच्या धमन्यांतला प्रवाह मंदावतो, रेझिस्टन्स इंडेक्स (प्रवाहाला होणारा अडथळा दाखवणारा आकडा) वाढतो, डॉपलरमध्ये गाठीभोवती दिसणारं रक्तप्रवाहाचं रंगीत कडं फिकं पडतं. गाठही बरीच आकसते, पण मरत नाही. औषध थांबलं की काही महिन्यांत पुन्हा फुगते. तेव्हा 'उसाचा हंगाम उरकू दे, मग बघू' म्हणाल तर इंजेक्शनं वाया! ऑपरेशनआधी घेतलं तर एक फायदा असा, की ऑपरेशनमध्ये रक्तस्राव कमी होतो. मात्र गाठ मऊ पडून तिचं आवरण नीट सुटत नाही, सर्जन त्यावर कुरकुरतात. पुढचं डॉपलर शक्यतो त्याच मशीनवर करा.