स्टार्ट मेनू उघडत नसेल तर एमएसकॉन्फिग कसे उघडावे?

प्रश्न
आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयातील संगणकावर विंडोज १० आहे. गेल्या आठवड्यात नव्या प्रिंटरसोबत आलेली सगळी सॉफ्टवेअर त्यावर टाकली, तेव्हापासून संगणक सुरू होण्यास फार वेळ लागतो आणि स्टार्ट मेनू तर उघडतच नाही. अनावश्यक सेवा, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, बंद करण्यासाठी मला सिस्टम कॉन्फिगरेशन, म्हणजेच एमएसकॉन्फिग, उघडायचे आहे; परंतु आजवर मी ते स्टार्ट मेनूत शोधूनच उघडत आलो. रनमध्ये, म्हणजे नाव लिहून प्रोग्रॅम उघडण्याच्या चौकटीत, ते नाव लिहून पाहिले, तर अशी फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो. ती फाइलच नाहीशी झाली असेल का?

प्रतिसाद १
फाइल नाहीशी होण्याची शक्यता फार कमी आहे. आपण कार्यालयात मराठीत टंकलेखन करत असाल, तर कीबोर्ड मराठीवरच राहिला आहे का, हे आधी पाहावे. कारण तसे असल्यास रनच्या चौकटीत देवनागरी अक्षरे उमटतात आणि विंडोजला ती आज्ञा ओळखता येत नाही. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी निवडावे, नंतर विंडोज आणि आर या कळा दाबून एम, एस, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही आठ अक्षरे मध्ये जागा न सोडता लिहावीत आणि एंटर दाबावे.

प्रतिसाद २
रनही उघडले नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यातील फाइल मेनूमधून नवे टास्क चालवण्याचा पर्याय निवडून तेच नाव लिहावे. टास्कबार पूर्णपणे नाहीसा झाला असतानाही हा मार्ग बहुधा चालतो, म्हणून मला तो सर्वांत भरवशाचा वाटतो. कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल या आज्ञा लिहिण्याच्या खिडक्यांमध्येही हीच आज्ञा चालते. कंट्रोल पॅनेलच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्समध्ये सिस्टम कॉन्फिगरेशन असते. विंडोज ११ मध्ये त्या विभागाचे नाव विंडोज टूल्स झाले आहे. मूळ फाइल सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरमध्ये, सिस्टम३२ या फोल्डरात असते, तेथे जाऊन तिच्यावर दोनदा क्लिक केले तरी चालते.

प्रतिसाद ३
उघडल्यानंतरची काळजी अधिक महत्त्वाची आहे, म्हणून हे आवर्जून लिहीत आहे. एमएसकॉन्फिगच्या सर्व्हिसेस या टॅबमध्ये गेल्यावर मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवण्याच्या चौकटीत प्रथम खूण करावी आणि मगच उरलेल्यांपैकी एकेक सेवा बंद करून पाहावी. स्टार्टअपची, म्हणजे संगणकासोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरमध्ये गेली आहे, त्यामुळे ती येथे शोधू नये. बूट या टॅबमधील सेफ बूटवर खूण केल्यास ती काढेपर्यंत संगणक प्रत्येक वेळी सेफ मोडमध्येच, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींसह, सुरू होतो आणि तेथे पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्डच लागतो. तो ठाऊक नसेल तर त्या खुणेला हात लावू नये. ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे माहिती कुलूपबंद करणारे संरक्षण, असेल, तर ते उघडण्यासाठी लागणारी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवावी.

प्रश्नकर्ता
कीबोर्ड खरोखरच मराठीवर होता. इंग्रजीवर आणताच रनमधून एमएसकॉन्फिग उघडले. मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवल्यावर प्रिंटरसोबत आलेल्या तीन सेवा दिसल्या. त्यांतील अपडेट तपासणारी सेवा बंद करून संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा स्टार्ट मेनू उघडला आणि छपाईही नीट होते आहे. उरलेल्या दोन सेवा तशाच ठेवल्या आहेत.