चित्रात दडवलेला मजकूर खाते रिकामे करतो का?

सह्यवारा : अनोळखी क्रमांकावरून आलेले चित्र उघडताच त्यात स्टेगॅनोग्राफीने, म्हणजे चित्रात मजकूर लपवण्याच्या तंत्राने, दडवलेला प्रोग्रॅम आपोआप सुरू होतो आणि बँकेतले पैसे जातात, असा लेख 'दुपारचा चहा' यांनी काल इथे लिहिला. एप्रिल 2025 मधल्या जबलपूरच्या बातमीचा त्यांनी आधार घेतला आहे. हा लेख लोकांना भलत्याच दिशेला पाहायला लावतो, म्हणून सविस्तर लिहितो. चोवीस बिटांच्या (बिट म्हणजे 0 किंवा 1) चित्रात प्रत्येक पिक्सेलच्या, म्हणजे बारीक ठिपक्याच्या, लाल, हिरव्या आणि निळ्या छटेला 0 ते 255 मधला एकेक आकडा असतो. 200 चे 201 केले तरी डोळ्याला फरक कळत नाही, आणि प्रत्येक आकड्याच्या अशा शेवटच्या बिटातच मजकूर भरला जातो. हजार बाय हजार पिक्सेलच्या चित्रात सुमारे 375 किलोबाइट मावतात. मात्र तो मजकूर तिथे नुसता पडून असतो. तो काढून चालवणारे काहीतरी फोनमध्ये आधीच असल्याशिवाय पुढे काही घडत नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले चित्र पुन्हा आकसवले जाते आणि त्यात असे बिट सहसा टिकत नाहीत.

दुपारचा चहा : गणित तुमचे बरोबर असेल, पण त्यातून लोकांना मिळणारा दिलासा घातक आहे. 2019 मध्ये व्हॉट्सॲपच्या जिफ (हलत्या चित्रांच्या) हाताळणीत आणि 2023 मध्ये वेबपी प्रकारची चित्रे वाचणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे अनेक ॲप वापरतात त्या तयार कोडमध्ये, गंभीर दोष सापडले होते. मग 'काही घडत नाही' हे कशाच्या जोरावर म्हणता? माझ्या मावशीच्या यजमानांनी लग्नपत्रिका समजून आलेली फाइल उघडली आणि त्यांची ठेव गेली. बँकेने 'परवानगी तुम्हीच दिलीत' एवढेच ऐकवले.

सह्यवारा : तुमच्या काकांचे वाईट वाटते. पण त्या दोन्ही दोषांत फाइलची रचनाच मुद्दाम बिघडवून वाचणाऱ्या प्रोग्रॅमला फसवता येत होते. चित्रात मजकूर लपवण्याशी त्याचा संबंध नव्हता. आणि त्या पत्रिकेच्या नावाचा शेवट काय होता?

दुपारचा चहा : शेवट एपीके असा होता, म्हणजे ती अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल होती. पण सत्तरीच्या माणसाने नावाचा शेवट तपासावा, ही अपेक्षा तुम्ही आपल्या वडिलांकडून कराल का?

काळी शाई : तुम्ही दोघे चोरांवरून भांडत आहात, आपल्याला न विचारता राजरोस जे दडवले जाते त्याबद्दल कोणी बोलत नाही. माझे छपाईचे दुकान आहे. आमच्या रंगीत लेझर प्रिंटरचा कोरा वाटणारा कागद निळ्या एलईडीखाली भिंगातून पाहिला, तर फिकट पिवळ्या ठिपक्यांची जाळी पानभर पुन्हा पुन्हा उमटलेली दिसते. 2005 मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने झेरॉक्सच्या एका यंत्राची अशी पंधरा बाय आठची जाळी उलगडली, तेव्हा तीत यंत्राचा अनुक्रमांक, छपाईची तारीख आणि वेळ निघाली. माझ्याकडे तक्रारअर्ज छापायला येणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितले आहे?

जुनी पेटी : मी पतसंस्थेत रोखपाल होतो. रंगीत प्रत काढलेली नोट माझ्या हातून घेतली गेली आणि ती रक्कम माझ्या पगारातून वळती झाली. अशा नोटा छापणाऱ्यांचा माग त्या ठिपक्यांमुळे लागत असेल, तर ते हवेतच. प्रामाणिक माणसाने कशाला घाबरावे?

काळी शाई : हे वाक्य मला संतापजनक वाटते. गावातल्या कामातला गैरव्यवहार निनावी पत्राने कळवणारा माणूस अप्रामाणिक असतो का? 2017 मध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचा फुटलेला अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावरच्या ठिपक्यांतून 9 मे 2017 ही छपाईची तारीख कोणालाही वाचता आली.

जुनी पेटी : अर्धेच सांगू नका. तो कागद छापणारे सहाच जण होते आणि ते ठिपक्यांवरून नव्हे, कार्यालयाच्या नोंदींवरून कळले होते. तरीही प्रिंटरच्या खोक्यावर ठिपक्यांची सूचना छापावी, एवढे मी मान्य करतो; त्यापुढे नाही.

काळी शाई : मीही तेवढेच मागतो आहे. त्यासाठी मला अप्रामाणिकांच्या रांगेत बसवायची गरज नव्हती.

सह्यवारा : मूळ मुद्दा राहून जातो आहे. 2001 मध्ये अतिरेकी इंटरनेटवरच्या चित्रांतून निरोप पाठवतात अशी आवई उठली, तेव्हा मिशिगन विद्यापीठातल्या प्रोव्हॉस आणि हनीमन यांनी ईबेवरची 20 लाख चित्रे तपासली. एकही दडवलेला निरोप मिळाला नाही. 2010 मध्ये अमेरिकेत पकडलेल्या रशियन हेरांनी मात्र हे तंत्र खरोखर वापरले होते आणि त्यांचा 27 अक्षरांचा पासवर्ड कागदावर लिहिलेला सापडला. तिथे चित्रातून निरोप काढणाऱ्यालाही सगळे ठाऊक होते. तुमच्या काकांना यातले काहीच ठाऊक नव्हते; त्यांनी एक ॲप बसवले. लेखात एपीकेचा उल्लेखच नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

दुपारचा चहा : एपीकेचा परिच्छेद आज रात्री लेखात सर्वांत वर टाकते आणि स्टेगॅनोग्राफी हा शब्द काढते. 'अनोळखी क्रमांकावरचे चित्र उघडू नका' हे वाक्य मात्र राहील, आणि त्यावर तुमच्याशी पुन्हा वाद घालण्याची माझी तयारी आहे.