फिल्टरची रिकामी नळी: डमी (बूच) मारायची की टी काढायची?

प्रेषक: मुलुंडवाली
मंडळी, घाईत आहे. आरओ उतरवला, भाडेकरू शनिवारी येतायत. तीन-मार्गी नळाखाली (गरम, गार आणि फिल्टरचं पाणी एकाच नळातून) फिल्टरची पांढरी नळी लोंबतेय आणि अँगल कॉकवरच्या (भिंतीतून निघणारा, पाणी बंद करायचा कॉक) टी-ला, म्हणजे तीन तोंडांच्या जोडाला, निळ्या दांड्याचा छोटा व्हॉल्व्ह तसाच आहे. प्लंबर म्हणतो, "व्हॉल्व्ह बंद आहे ना, मग झालं." चालेल? दुसरा मजला, इमारत सात मजली, पाणी गच्चीवरच्या टाकीचं.

प्रेषक: गीझरवाले काका
अजिबात नाही. टाकीपासून तुझ्या ओट्यापर्यंत १७-१८ मीटर उंची, म्हणजे पावणेदोन बार दाब, दिवसरात्र. तो दांडा पाव फेऱ्यात उघडतो. कपाटात बादली सरकवताना धक्का लागला की संपलं. शिवाय बंद व्हॉल्व्हपर्यंतचं पाणी तिथंच साचून शिळं होतं. टी-च काढ.

कॉक बंद कर, नळ उघडून पाणी उतरव. एका पान्याने कॉक धरून ठेव, दुसऱ्याने टी सोडव. धरला नाहीस तर मागचं एक्स्टेंशन (भिंतीतल्या पाईपला जोडलेला तुकडा) टाइलच्या आत फिरतं आणि गळती भिंतीत सुरू होते. पत्ता लागतो तो खालच्यांच्या छताला ओल आली की. मग नळाची कनेक्शन पाईप थेट कॉकला. त्या नटात रबरी वॉशर असतो, पाणी तोच अडवतो. तिथे टेफलॉन टेप नको. वॉशर कडक झाला असेल तर नवा. हाताने घट्ट, वर पान्याने पाव फेरा, बास.

प्रेषक: खजिनदार
टी काढून कशाला वाया घालवायची? पुढचा भाडेकरू फिल्टर लावेलच. नाहीतर साधं पाणीच त्या नळीला जोडा, नळाचा तिसरा मार्ग वापरात राहील.

प्रेषक: गीझरवाले काका
खजिनदारसाहेब, नळाच्या फिल्टरच्या मार्गातून साधं पाणी आलं तर पाहुणा ते फिल्टरचं समजून पिणार. हे नकोच.

टी ठेवायचीच असेल तर छोटा व्हॉल्व्ह काढून तिथे पाव इंचाची पितळी डमी, ८-१० फेरे टेफलॉन, डमी फिरवायच्या दिशेनेच गुंडाळलेलं. उलटं गुंडाळलं तर आट्यांवरून सोलून निघतं. लोखंडी डमी पितळात गंजते. प्लास्टिकची बांधकामात लाइन तपासण्यापुरती असते, कायमची नाही.

प्रेषक: अंधेरीकर
काकांनी नळाच्या बाजूची नळी विसरली. तिला दाब नसतो, तरी आधी तिच्यातलं उरलेलं पाणी बादलीत काढा आणि टोक बंद करा, नाहीतर झुरळं वस्ती करतात. पुश-फिट प्लग (नळीवर नुसता दाबून बसवायचं बूच) घ्या, पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळीसाठीचा ६ मिलिमीटरचा प्लग अगदी तसाच दिसतो. बसल्यासारखा वाटतो, पण नीट बंद होत नाही. नळीच्या टोकाला आटे असतील तर आतले की बाहेरचे ते बघूनच दुकानात जा. फोटो पुरत नाही.

प्रेषक: दादरची ताई
पण आरओ काढलाच का?

प्रेषक: अंधेरीकर
तलावांचं पाणी आहे, ताई. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या कितीतरी खाली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये अशा ठिकाणी आरओ नकोच म्हटलं होतं. टाकीचा भरवसा नसेल तर यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) फिल्टर पुरे.

प्रेषक: यादी-नियामक
हा गट गणपती वर्गणीचा आहे, विषय तरी बदला.

प्रेषक: दादरची ताई
असो. आरओच्या फेकपाण्याची नळी सिंकच्या वेस्ट पाईपात खोचली होती का? ते भोक उघडं राहिलं तर वास वर येतो.

प्रेषक: मुलुंडवाली
टी काढली. कॉकखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं, सकाळी कोरडं. पांढऱ्या नळीला प्लग बसला. ताई, भोक आहेच! त्याला एमसील लावू?

प्रेषक: दादरची ताई
नको, लवचिक पाईपवर एमसील टिकत नाही, हलली की सुटतं. वेस्ट पाईपच नवी टाक. सिंकच्या जाळीखालच्या कपलिंगचं माप घेऊन जा, सव्वा आणि दीड इंच दोन्ही मिळतात.