मदत हवी आहे: मारुती ८०० चा गुरुत्वमध्य ९२ सेंटिमीटर उंचीवर कसा काय येतो?

चौथे_वर्ष :
नमस्कार. आमच्या प्रकल्पासाठी मारुती ८०० चा गुरुत्वमध्य (गाडीचे सगळे वजन जिथे एकवटल्यासारखे वागते तो बिंदू) प्रयोगाने काढायचा आहे. पुढच्या-मागच्या दिशेचे स्थान व्यवस्थित मिळाले, परंतु उंची काढताना आम्ही तीन दिवस अडकून पडलो आहोत. गाडीचे एकूण वजन ७०० किलो भरले, त्यापैकी पुढच्या चाकांवर ३७० आणि मागच्या चाकांवर ३३०. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर) २१७५ मिमी आणि चाकाच्या मध्याची जमिनीपासूनची उंची २४५ मिमी आहे. मागची चाके २०० मिमी उचलल्यावर पुढचे वजन ३९० झाले. वाढलेले वजन गुणिले व्हीलबेस, त्याला एकूण वजन आणि गाडी कलण्याच्या कोनाचे टॅन्जंट यांच्या गुणाकाराने भागायचे, आणि त्यात २४५ मिळवायचे, या सूत्राने उंची ९१८ मिमी येते. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी हा आकडा पाहताच वही परत केली. सादरीकरण आठ दिवसांवर आले आहे, त्यामुळे सूत्रात नेमकी चूक कुठे आहे तेवढे कृपया लवकर सांगावे.

समीकरण :
सूत्र बरोबर आहे आणि आपला गुणाकारही बरोबर आहे. मला खटकते ते निराळेच. आपले वजनांचे सगळे आकडे शून्याने संपतात. वजन कोणत्या काट्यावर केले आणि त्या काट्याचा आकडा किती किलोच्या टप्प्याने बदलतो, हे आपण लिहिलेले नाही.

जुना_फिटर :
बाळा, हँडब्रेक ओढलेला होता की सोडलेला? गाडी गिअरमध्ये होती का? मागची चाके कशावर टेकवली होती, की बॉडीला जॅक लावून ती लोंबकळत ठेवली होती? या तीन गोष्टी कळल्याशिवाय तुला कोणी काहीही सांगितले तरी तो अंदाजच ठरेल. एकतीस वर्षे गाड्या उचलतो आहे, म्हणून आणखी एक विनंती करतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही डोके घालू नये.

रेखाचित्र :
इतका खटाटोप कशासाठी? गाडीचे त्रिमितीय मॉडेल संगणकावर तयार करून प्रत्येक भागाला त्याचे द्रव्य नेमून दिले की गुरुत्वमध्य क्षणात मिळतो. आम्ही आमच्या विद्यार्थी स्पर्धेच्या गाडीसाठी हेच केले होते.

समीकरण :
रेखाचित्र, ती गाडी आपण स्वतः आखली होती, म्हणून तिच्या प्रत्येक नळीची जाडी आपल्याला ठाऊक होती. जुन्या मारुतीच्या आसनांचे, काचांचे, दरवाज्यांतल्या यंत्रणांचे आणि वायरिंगचे वजन यांनी कुठून आणायचे? शिवाय मॉडेल खरे आहे की नाही हे तपासायलासुद्धा शेवटी मोजणीच करावी लागते.

लोलक :
मी पदार्थविज्ञान शिकवतो आणि माझ्या मते सर्वांत निर्मळ पद्धत टांगण्याची आहे. वस्तू एका बिंदूतून टांगली की गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या बरोबर खाली येतो. तिथे ओळंबा सोडून रेघ मारावी, मग दुसऱ्या बिंदूतून टांगून दुसरी रेघ मारावी, आणि दोन्ही रेघा जिथे छेदतात तिथे गुरुत्वमध्य. यात काटाही नको आणि टॅन्जंटही नको. वर्गात पुठ्ठ्याच्या तुकड्यावर हा प्रयोग करताना मुलांचे चेहरे उजळतात, म्हणून मी याचा आग्रह धरतो.

जुना_फिटर :
सर, पुठ्ठ्याला सस्पेन्शन (बॉडी आणि चाके यांमधली स्प्रिंगची रचना) नसते. गाडी बॉडीला धरून उचलली की चाके खाली लोंबतात. चाके, ब्रेक आणि मागचा ॲक्सल (चाकांचा आस) मिळून समजा १०० किलो वजन १० सेंटिमीटर खाली आले, तर ७०० किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य जवळजवळ दीड सेंटिमीटर खाली सरकतो. म्हणजे आपण रस्त्यावर उभी असलेली गाडी मोजलीच नाही, लोंबणारी गाडी मोजली. त्यातून जुन्या गाडीचा पत्रा कोणत्या हुकाला किती तग धरील याची खात्री कोणी द्यायची?

चाचणीगृह :
वाहनचाचणीच्या क्षेत्रातून मी निवृत्त झालो आहे, म्हणून दोन्ही बाजूंबद्दल थोडे लिहितो. लोलक यांचे तत्त्व शंभर टक्के योग्य आहे आणि प्रयोगशाळांत ते वापरलेही जाते. मात्र तिथे गाडी टांगत नाहीत, गाडी ज्यावर उभी असते तो मंच टांगतात, त्यामुळे चाकांवरचा भार तसाच राहतो. महाविद्यालयात असा मंच उभारणे अवघड आहे. एक ॲक्सल उचलून दुसऱ्यावरचे वजन पाहण्याची जी पद्धत या मुलांनी निवडली, तीच आयएसओ १०३९२ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे. त्यामुळे पद्धत सोडू नये, तिच्या अटी पाळाव्यात. सस्पेन्शन जखडले होते का? टायरमध्ये हवा किती होती? पेट्रोलची टाकी पूर्ण भरलेली, पूर्ण रिकामी, की अर्धवट? अर्धवट टाकीतले इंधन उताराकडे धावते आणि वजनाचा आकडा फसवा करते.

चौथे_वर्ष :
सर्वांचे आभार, परंतु टाकीचा प्रश्नच येत नाही, कारण गाडीला टाकी नाही. ही गाडी आम्ही विजेवर चालणारी केली आहे. इंजिन काढून मोटर बसवली आणि डिकीत ९६ किलोच्या बॅटऱ्या ठेवल्या. वजन उसाच्या गाड्या तोलणाऱ्या मोठ्या वजनकाट्यावर केले, ज्याचा आकडा ५ किलोच्या टप्प्याने बदलतो. मागची चाके लाकडी ओंडक्यांवर टेकवली होती. गाडी घरंगळू नये म्हणून हँडब्रेक ओढला होता आणि ती पहिल्या गिअरमध्ये होती. सस्पेन्शनला हात लावलेला नाही. या सगळ्याचा उंचीशी इतका संबंध असेल असे वाटले नव्हते, म्हणून लिहिले नाही.

समीकरण :
आता चित्र स्पष्ट झाले. या गाडीचा गुरुत्वमध्य समजा ५०० मिमी उंचीवर आहे. मागचा ॲक्सल २०० मिमी उचलल्यावर पुढचे वजन किती वाढायला हवे? कोन सुमारे ५.३ अंश, त्याचे टॅन्जंट ०.०९२३, त्यावरून वाढ येते केवळ ७.६ किलो. आपला काटा पाच-पाच किलोच्या उड्या मारतो. आपल्या सूत्रात ५ किलोचा एक टप्पा म्हणजे उंचीत १६८ मिमीचा फरक. मीटरच्या पट्टीने केसाची जाडी मोजण्यासारखे हे झाले आहे. गाडी ६०० मिमी उचलली तर टॅन्जंट ०.२८७ होते आणि १ किलोच्या चुकीमागे उंचीत जेमतेम ११ मिमी फरक पडतो. काटा बारीक हवा आणि उचल मोठी हवी.

जुना_फिटर :
आणि डिकीतल्या बॅटऱ्या बांधल्या होत्या का, हे तर कोणी विचारलेच नाही.

चौथे_वर्ष :
बांधल्या नव्हत्या. गाडी उचलल्यावर त्या पुढे सरकून मागच्या आसनाच्या पाठीला टेकल्या होत्या. डिकीच्या पत्र्यावर साधारण १० सेंटिमीटरचे ताजे ओरखडे आहेत.

समीकरण :
९६ किलो गुणिले १०० मिमी भागिले २१७५ म्हणजे ४.४ किलो. आपल्या २० किलोंमधला इतका भाग तर त्या ओरखड्यांचाच आहे.

चाचणीगृह :
हँडब्रेक आणि गिअरबद्दलही सांगतो, कारण ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते. मागचा ॲक्सल २०० मिमी वर गेला की दोन ॲक्सलमधले आडवे अंतर सुमारे ९ मिमीने कमी होते. चाके मोकळी असतील तर ती तेवढी फिरून आपली जागा घेतात. आपली मागची चाके हँडब्रेकने आणि पुढची गिअरने अडकलेली होती, त्यामुळे टायर आणि जमीन यांच्यात आडवा ताण साठून राहू शकतो. पुढचा आधार खाली आणि मागचा २०० मिमी वर असल्यामुळे हा ताण वजनाच्या आकड्यात शिरतो. तो १०० किलो बलाइतका असेल तर १०० गुणिले २०० भागिले २१७५, म्हणजे ९ किलोंचा फरक, कधी अधिक तर कधी उणा. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, हँडब्रेक सोडावा, आणि घरंगळू नये यासाठी एकाच ॲक्सलच्या चाकांना उटी (चाक अडवणारी पाचर) लावावी.

शेतवाट :
आमच्या भागात उसाची ट्रॉली उलटते ती याच कारणाने. वरपर्यंत मोळ्या रचल्या की गुरुत्वमध्य वर जातो आणि बांधाच्या कडेला एक चाक खचले तरी पुरे होते. ट्रॉलीसाठी अशी मोजणी कोणी करून देईल का, असे मला मनापासून विचारायचे आहे.

रेखाचित्र :
विजेवर बदललेल्या गाडीला मान्यताप्राप्त संच आणि आरटीओची नोंद लागते. ते पाहिले आहे ना?

चौथे_वर्ष :
गाडी महाविद्यालयाच्या आवाराबाहेर जात नाही. मला फक्त उंची हवी आहे. सस्पेन्शन जखडायचे म्हणजे नेमके काय करायचे?

जुना_फिटर :
मानकाप्रमाणे करायचे तर शॉकॲब्जॉर्बर काढून त्याच लांबीच्या लोखंडी दांड्या बसवतात. मागे तसे करता येईल, पण पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्जॉर्बर एकत्र असलेला भाग) असल्यामुळे तुम्ही त्या भानगडीत पडू नका. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना स्प्रिंगच्या वेटोळ्यांत सागाचे गुटके हलक्या हातोडीने ठोकून बसवा, म्हणजे स्प्रिंग दबणार नाही. मग ॲक्सल आणि बॉडी यांना रॅचेटच्या पट्ट्याने आवळा, म्हणजे स्प्रिंग ताणलीही जाणार नाही. आधी आणि नंतर मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. ते बदलले तर गुटका सरकला असे समजा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. धान्याच्या व्यापाऱ्याकडे ५०० किलोचे प्लॅटफॉर्म काटे असतात, त्यांपैकी दोन मागून आणा. परंतु काटा जमिनीपासून वर असतो हे विसरू नका. सपाट वजन घेताना मागच्या चाकांखालीही तेवढ्याच उंचीच्या फळ्या हव्यात, नाहीतर सुरुवातच उतारावर होईल. पुढचा बंपर आधीच काढून ठेवा, नाक खाली गेल्यावर तो जमिनीला लागेल.

लोलक :
जुना_फिटर यांचा मुद्दा मी मान्य करतो; सस्पेन्शनचा विचार माझ्याकडून राहिला होता. एक मात्र सुचवतो. एकाच उंचीवर मोजून थांबू नका, तीन वेगवेगळ्या उंचींवर मोजा. तिन्ही उत्तरे जुळली तरच प्रयोगावर विश्वास ठेवता येतो, आणि जुळली नाहीत तर त्यांचा कल कुठे आहे यावरून चूक सापडते.

चौथे_वर्ष :
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका कार्यशाळेत काल दिवसभर मोजणी केली. दोन काटे मिळाले, ज्यांचा आकडा १०० ग्रॅमने बदलतो. बॅटऱ्यांना लोखंडी पट्टी मारली. एकूण वजन ६९६.४ किलो, पुढे ३७१.२ आणि मागे ३२५.२ भरले, म्हणजे गुरुत्वमध्य पुढच्या ॲक्सलपासून १०१६ मिमी मागे आहे. मागचा ॲक्सल ३०० मिमी उचलल्यावर पुढचे वजन ११.६ किलोने वाढले, ४५० वर १७.९ ने आणि ६०० वर २४.२ ने. त्यावरून उंची अनुक्रमे ५०५, ५०९ आणि ५०८ मिमी आली. पहिल्या प्रयत्नात ३०० मिमीवर ५६० येत होते. तेव्हा डाव्या बाजूचा गुटका निसटला होता आणि मडगार्डचे अंतर १४ मिमीने कमी झाले होते. जुना_फिटर काकांनी ते अंतर मोजायला सांगितले नसते तर आम्ही तो आकडा तसाच लिहिला असता.

चाचणीगृह :
उत्तम काम झाले आहे. डाव्या आणि उजव्या चाकांमधले अंतर किती आहे?

चौथे_वर्ष :
पुढचे आणि मागचे मिळून सरासरी १२०५ मिमी.

चाचणीगृह :
त्याला उंचीच्या दुपटीने भागा. १.१९ येते. हे गुणोत्तर जितके कमी, तितकी गाडी उलटण्याचा धोका जास्त. अमेरिकेत मोटार उलटण्याच्या धोक्याची प्रतवारी २००१ पासून याच गुणोत्तराच्या आधारे सुरू झाली. सर्वसाधारण प्रवासी मोटारींचे ते १.३ ते १.५ च्या दरम्यान असते. आपली गाडी अरुंद आहे, त्यामुळे ते थोडे कमी येणे पटण्यासारखे आहे. ९१८ मिमी धरले असते तर ०.६६ आले असते, आणि मॅडमनी वही परत केली ती योग्यच केली. एक विचारायचे राहिले. ही मोजणी रिकाम्या गाडीची आहे की चालकासह?

चौथे_वर्ष :
रिकाम्या गाडीची. चालकाच्या जागी वाळूची पोती बांधून उद्या सकाळी पुन्हा मोजतो. काटे संध्याकाळपर्यंत परत द्यायचे आहेत.

जुना_फिटर :
पोती आसनावरच बांधा, पायाशी नको. आणि सपाट जमिनीवरचे वजन पोत्यांसह पुन्हा घ्या, कालचे वापरू नका.