एका वेळी एकच औषध: हा नियम सोडला तर होमिओपॅथीत उरतं काय?

समलक्षण:
सर्दीचे थेंब वेगळे, संधिवाताचे वेगळे, मूळव्याधीचे वेगळे. एका बाटलीत सात-आठ औषधं घातलेली ही कॉम्बिनेशन्स होमिओपॅथीच्या नावाखाली सर्रास दिली जातात. माझा याला स्पष्ट विरोध आहे, आणि तो सोवळेपणातून आलेला नाही.

होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १७९० मध्ये सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली, १७९६ मध्ये समलक्षणाचं तत्त्व (निरोगी माणसात औषध जी लक्षणं उभी करतं, तशीच लक्षणं असलेल्या रुग्णाला ते द्यायचं) मांडलं आणि १८१० मध्ये 'ऑर्गेनन' या आपल्या मूळ ग्रंथाची पहिली आवृत्ती काढली. समलक्षण, निरोगी माणसावर प्रूव्हिंग (औषध देऊन उमटलेली लक्षणं नोंदवणं), एका वेळी एक औषध आणि कमीत कमी मात्रा ही चार तत्त्वं एकमेकांत अडकलेली आहेत. मटेरिया मेडिकात, म्हणजे औषधांची लक्षणं नोंदवलेल्या ग्रंथात, ब्रायोनियाखाली जे लिहिलंय ते एकट्या ब्रायोनियाच्या प्रूव्हिंगमधून आलंय. ब्रायोनिया, ऱ्हस टॉक्स आणि कॉस्टिकम यांच्या मिश्रणाचं चित्र कुठे आहे? त्याचं प्रूव्हिंगच झालेलं नाही, तर ते रुग्णाच्या लक्षणांशी जुळवणार कशाच्या आधारावर? 'ऑर्गेनन'च्या सहाव्या आवृत्तीतलं सूत्र (क्रमांकित परिच्छेद) २७३ म्हणूनच एका वेळी एकाहून जास्त औषध द्यायला परवानगी देत नाही.

खरी पंचाईत दुसऱ्या प्रिस्क्रिप्शनच्या वेळी होते. एकच औषध दिलं असेल तर फॉलो-अपमध्ये तीन गोष्टी वेगळ्या काढता येतात. जुनाच त्रास थोडा वाढला, पण झोप, भूक, उत्साह सुधारला तर थांबायचं. पूर्वी कधीच नव्हतं असं लक्षण आलं आणि ते दिलेल्या औषधाच्या प्रूव्हिंगमध्ये सापडलं तर औषध अर्धवट जुळलंय. काहीच झालं नाही तर केस पुन्हा घ्यायची. आठ औषधं एकत्र दिल्यावर यातलं काय कशामुळे झालं हे कोण सांगणार? शिवाय एपिस आणि ऱ्हस टॉक्स, फॉस्फरस आणि कॉस्टिकम या जोड्या आपणच परस्परविरोधी म्हणून शिकवतो, आणि मिश्रणांच्या लेबलवर त्या शेजारी शेजारी दिसतात.

पॅथॉलॉजी_आधी:
समलक्षण साहेब, तुमचा युक्तिवाद वर्गात बिनतोड आहे. पण सूत्र १५३ मध्ये सांगितलेली ठळक, विलक्षण, वैयक्तिक लक्षणं प्रत्येक रुग्णात मिळतात का? फॅटी लिव्हरचा रुग्ण सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे करतो आणि म्हणतो, "पोट जरा फुगतं." तासभर केस टेकिंग करूनही हाती तीन सामान्य लक्षणं. अशा एकांगी (मोजकीच लक्षणं दाखवणाऱ्या) आजारांची अडचण हानेमान यांनीही सूत्र १७३ पासून पुढे मान्य केलेली आहे. तिथे अवयवाकडे बघून चेलिडोनियमचा मूळ अर्क ५ ते १० थेंब पाण्यातून देणारे चुकतात, असं मी म्हणणार नाही.

आणि इतिहास पूर्ण सांगा. १८३३ मध्ये होमिओपॅथ एगिडी यांनी दोन औषधं एकत्र देण्याचे अनुभव कळवले, तेव्हा हानेमान यांनी आधी ते उचलून धरलं होतं. हानेमान यांचे अनुयायी बोनिंगहाउसेन क्रूपसाठी (लहान मुलांचा घोगरा खोकला) ॲकोनाइट, हेपर सल्फ आणि स्पाँजियाच्या पुड्या ठरलेल्या क्रमाने देत. तेही अशुद्ध का?

समलक्षण:
उचलून धरलं होतं, आणि मागेही घेतलं. पाचव्या आवृत्तीत ते कलम छापलं गेलं नाही आणि सहाव्यात मनाई आणखी कडक झाली. क्रूपच्या पुड्या एकामागून एक होत्या, एका बाटलीत कालवलेल्या नव्हत्या. मूल बरं झालं की पुढच्या पुड्या द्यायच्याच नसत. म्हणजे प्रत्येक पुडीनंतर निरीक्षणाला जागा होती. मिश्रणात नेमकी तीच जागा जाते.

मोडॅलिटीवाली:
एक की अनेक हा वाद मला दुय्यम वाटतो. ते एक औषध शोधायचं कसं, यावर शुद्ध म्हणवणाऱ्यांचंच एकमत नाही. एकाच केसवर केंटवाला (अमेरिकन होमिओपॅथ केंट यांच्या पद्धतीचा) आणि बोनिंगहाउसेनवाला दोन वेगळ्या औषधांवर पोचतात. शिकवण्यापुरती केस घेऊ.

गुडघेदुखी. सकाळी उठल्यावर ताठरपणा, पहिली पावलं असह्य, चालत राहिलं की मोकळं. ओल्या थंडीत वाढ. रात्री कुशी बदलत राहावं लागतं. बाई हळव्या, पटकन रडू येतं, कोणी धीर दिला की बरं वाटतं. तहान कमी.

केंटच्या उतरंडीत आधी मन, मग संपूर्ण शरीराची लक्षणं, मग अवयवाची. रडू येणं, सांत्वनाने बरं वाटणं, तहान नसणं ही रुब्रिक्स (रेपर्टरीतली, म्हणजे लक्षणांनुसार औषधांच्या सूचीतली शीर्षकं) घेतली की पल्सेटिला वर येतं, आणि हळूहळू हालचालीने बरं वाटणं तिच्यातही असल्याने गाडी अडत नाही. बोनिंगहाउसेनच्या पद्धतीत स्थान, संवेदना, मोडॅलिटी (त्रास कशाने वाढतो, कशाने कमी होतो) आणि सहलक्षण असे चार कप्पे. हालचालीच्या सुरुवातीला वाढ, हालचाल चालू ठेवली की आराम, ओल्या थंडीने वाढ, विश्रांतीत वाढ. उत्तर ऱ्हस टॉक्स.

इथे बहुतेक जण आपापल्या गुरूचं नाव घेऊन थांबतात. मी दोन प्रश्न विचारेन. पहिला, शेक बरा वाटतो की खिडकी उघडावीशी वाटते? ऱ्हस टॉक्सला ऊब हवी, पांघरुणाबाहेर हात काढला तरी त्रास. पल्सेटिलाला बंद उबदार खोली सोसत नाही. दुसरा, रडू येणं हा जन्माचा स्वभाव आहे की गुडघे धरल्यापासून सुरू झालंय? स्वभाव असेल तर मी त्याला निवडीत शेवटचं स्थान देते. सूत्र २१३ आजारात मनःस्थितीत झालेल्या बदलाबद्दल बोलतं. कोण मुळात कसा आहे, याबद्दल नाही. नवशिक्यांची सर्वांत जास्त प्रिस्क्रिप्शन्स इथेच चुकतात: रुग्णाचा स्वभाव आवडीने लिहिला जातो आणि आजार कागदावर येतच नाही.

जनरल्स_फर्स्ट:
ताई, बोनिंगहाउसेनच्या पद्धतीतला कच्चा दुवा तुम्ही वगळलात. एका अवयवाची मोडॅलिटी ते सगळ्या माणसाला लावतात. कंबर चालल्याने मोकळी होते आणि त्याच माणसाचं डोकं जिना चढलं की ठणकतं. मग 'हालचालीने आराम' हे माणसाचं लक्षण की कमरेचं? केंटचा आक्षेप हाच होता, म्हणून त्यांच्या रेपर्टरीत डोक्याची मोडॅलिटी डोक्याखाली आणि कमरेची कमरेखाली. मनाची लक्षणं वर ठेवण्यालाही आधार आहे. सूत्र २११ म्हणतं की रुग्णाची मनःस्थिती अनेकदा औषधाची निवड ठरवते.

मोडॅलिटीवाली:
आक्षेप योग्य आहे. म्हणूनच मोडॅलिटी दोन-तीन ठिकाणी सारखी दिसली तरच मी ती सार्वत्रिक धरते. पण केंटची मोठी रुब्रिक्स घेऊन अंकांची बेरीज करणाऱ्यांना एक सांगणं आहे. ज्या रुब्रिकमध्ये शेकडो औषधं आहेत ती निवड करत नाही, फक्त सल्फर, कल्केरिया आणि लायकोपोडियमसारख्या भरपूर अभ्यासलेल्या औषधांचे गुण वाढवते. सॉफ्टवेअरवर पहिल्या पाचांत सतत हीच नावं का येतात, त्याचं कारण हे आहे.

पन्नास_हजारी:
औषध बरोबर आणि पोटन्सी (ते किती पायऱ्यांनी विरल केलंय) किंवा पुनरावृत्ती चूक, यावर कोणीच बोललेलं नाही. २०० किंवा १एम (१०००) चा एक डोस आणि मग महिनाभर वाट, ही केंटच्या वळणाची रीत. हानेमान यांनी शेवटच्या वर्षांत पन्नास सहस्रांश पोटन्सी वापरल्या, पण १८४२ मध्ये तयार झालेली सहावी आवृत्ती छापली गेली १९२१ मध्ये. मधल्या पिढ्या त्याशिवायच शिकल्या.

कृती सूत्र २७० मध्ये आहे. १ ग्रेन औषध १०० ग्रेन दुग्धशर्करेत घोटायचं. साखर तीन भागांत घालायची. प्रत्येक भागाला सहा-सात मिनिटं घोटणं, तीन-चार मिनिटं खरवडणं, हे दोनदा. एका टप्प्याला साधारण तास, असे तीन टप्पे. त्यातली १ ग्रेन पूड ५०० थेंब पाणी-अल्कोहोलमध्ये विरघळवून त्याचा एक थेंब १०० थेंब अल्कोहोलमध्ये घ्यायचा आणि १०० जोरदार झटके द्यायचे. हे द्रावण इतक्या बारीक गोळ्यांवर टाकायचं की एका थेंबात सुमारे ५०० भिजतात. पुढच्या टप्प्यात त्यातली एकच गोळी पुन्हा १०० थेंबांत. ५०० गुणिले १००, म्हणून पन्नास हजार.

देताना चूक होते ती अशी. गोळी सात-आठ मोठे चमचे पाण्यात विरघळवतात, पण दर डोसआधी बाटलीला ८ ते १२ झटके द्यायला सांगतच नाहीत. तीच न बदललेली मात्रा पुन्हा देऊ नये, असं सूत्र २४७ स्पष्ट सांगतं. झटक्यांनंतर एक मोठा चमचा पेलाभर पाण्यात ढवळून त्यातला एक छोटा चमचा घ्यायचा. पाणी खराब होऊ नये म्हणून थोडं अल्कोहोल. आणि बरं होत आलेल्या रुग्णाचा त्रास उपचाराच्या शेवटाकडे वाढला तर औषध बदलायचं नाही, मात्रा कमी करायची किंवा काही दिवस थांबायचं. इथे घाईने औषध बदललं की चांगली चाललेली केस हातातून जाते.

समलक्षण:
पूर्ण सहमत. वनस्पती-प्राणी-खनिज अशा गटांवरून औषध ठरवणाऱ्या नव्या पद्धतींवरही माझा हाच रोख आहे. रुग्णाच्या हातवाऱ्यांवरून गट ठरवला आणि त्या गटातलं कधीही नीट प्रूव्हिंग न झालेलं औषध दिलं, तर पायाच सुटला.

ट्रायल_वाचक:
मी औषधनिर्माणशास्त्राच्या बाजूने बोलतो. मिश्रणात कशाने काय झालं ते कळत नाही, हा समलक्षण यांचा मुद्दा मला मनापासून पटतो. पण तोच निकष एकल औषधालाही लावा. गोळी दिल्यावर गुडघा मोकळा झाला. गोळीमुळे, की दुखणं आपोआप ओसरलं, की तासभर कोणी नीट ऐकून घेतल्यामुळे? प्लॅसिबो गटाशिवाय हे तिन्ही वेगळे करता येत नाहीत.

१२सी म्हणजे बारा वेळा शंभरपट, म्हणजेच दहाच्या चोविसाव्या घाताइतकं विरलीकरण. एका मोलमध्ये रेणू सुमारे ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. १२सी पलीकडे मूळ पदार्थाचा एकही रेणू शिल्लक असण्याची शक्यता झपाट्याने शून्याकडे जाते, आणि ३०सी तर साठावा घात. प्रूव्हिंगचंही तेच. बेलाडोना ३०सी चं दुहेरी अंध प्रूव्हिंग २००३ मध्ये प्रसिद्ध झालं, औषध आणि प्लॅसिबो गटांत फरक दिसला नाही.

तुमच्या वादाला थेट भिडणारी एक चाचणी आहे. ऱ्हुमेटॉइड आर्थरायटिसचे ८३ रुग्ण, नेहमीची औषधं चालू, निष्कर्ष २०११ मध्ये छापलेले. काहींना होमिओपॅथिक सल्लामसलत आणि सोबत वैयक्तिक निवडीचं औषध, मिश्रण किंवा प्लॅसिबो. इतरांना सल्लामसलतीशिवाय मिश्रण किंवा प्लॅसिबो. सल्लामसलत मिळालेल्यांना फायदा झाला. औषधाचा वेगळा फायदा दिसला नाही, एकलाचाही नाही आणि मिश्रणाचाही नाही.

समलक्षण:
२०१४ चं विश्लेषणही मांडा. वैयक्तिक निवडीच्या २२ चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा प्लॅसिबोपेक्षा थोडा जास्त परिणाम दिसला, ऑड्स रेशो १.५३ (१ म्हणजे फरक नाही). आणि पाच गटांत ८३ रुग्ण म्हणजे एका गटात किती उरले? एवढ्यावर एकल औषधाचा निकाल लागत नाही.

ट्रायल_वाचक:
गट लहान होते, हे मान्य. पण त्याच २०१४ च्या लेखकांनी पुराव्याचा दर्जा कमी किंवा अस्पष्ट असल्याने सावधगिरी बाळगा, असं लिहिलंय. १७६ अभ्यास तपासून ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये म्हटलं की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारात नाही. तुम्ही एकल औषधवाले यापेक्षा चांगली चाचणी करू शकता, कारण तुमची निवड आणि फॉलो-अपचे नियम लिहून ठेवलेले असतात. डॉक्टरने निवड करायची, गोळी औषधाची की कोरी हे तिसऱ्याने चिठ्ठीने ठरवायचं, आणि 'औषध लागू पडलं' म्हणजे काय ते आधीच कागदावर. आज फॉलो-अपमध्ये त्रास वाढला तरी ॲग्रॅव्हेशन (औषधाने सुरुवातीला त्रास वाढणं) म्हणजे औषध बरोबर, आणि कमी झाला तरी बरोबर. अशा निकषाने चूक कधीच सापडणार नाही.

पॅथॉलॉजी_आधी:
हा शेवटचा मुद्दा आम्हा सगळ्यांनाच लागू आहे. मी एक भर घालतो. विरलीकरणाचा आक्षेप खालच्या पोटन्सींना लागू होत नाही, तिथे प्रश्न उलटा आहे. आर्सेनिक आल्बम ३एक्स म्हणजे हजारात एक भाग. एक ग्रेनची, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅमची गोळी, चार-चार गोळ्या तीनदा घेतल्या तर दिवसाला ०.७८ मिलिग्रॅम आर्सेनिक ट्रायऑक्साइड पोटात जातं. हे विष आहे. 'होमिओपॅथीचे दुष्परिणाम नसतात' म्हणून अशा गोळ्या कोणी स्वतःच्या मनाने महिनोनमहिने घेऊ नयेत.

समलक्षण:
इथे आपल्यात वाद नाही. दम्याचा इन्हेलर, इन्सुलिन, फिट्सची गोळी सप्रेशनच्या (आजार आत दाबला जातो या) नावाखाली बंद करायला सांगणारा तत्त्वाची सबब पुढे करतोय. जीव धोक्यात असेल तिथे आधी तातडीचे नेहमीचे उपाय करावेत, हे सूत्र ६७ च्या तळटीपेत स्वतः हानेमान यांनी लिहिलेलं आहे. ॲग्रॅव्हेशनचा निकष डोस देण्याआधी लिहून ठेवण्याची सूचना मी घेतो: कोणतं लक्षण, किती दिवसांत, किती वाढेल, आणि त्याच वेळी झोप-भूक कुठल्या दिशेने जाईल. त्या मर्यादेबाहेर गेलं तर औषध चुकलं असंच नोंदवायचं. एकल औषधात हे लिहिता येतं. आठ औषधांच्या बाटलीसाठी कोणी लिहून दाखवावं.