अभ्यासिकेतलं नेट संध्याकाळी अडतं: प्लॅन वाढवू की वेग बांधून देऊ?

अभ्यासिका_लातूर:
मी लातुरात छोटी अभ्यासिका चालवते. चाळीस खुर्च्या, बहुतेक मुलं-मुली एमपीएससी नाहीतर पोलीस भरतीची तयारी करणारी. फायबरची ५० एमबीपीएसची लाइन आहे. सकाळी सगळं ठीक चालतं. संध्याकाळी ऑनलाइन तासिका सुरू झाल्या की चित्र गोठतं, आवाज तुटतो. त्याच वेळी दोन-तीन जण रेकॉर्ड केलेली लेक्चरं उतरवून घेत असतात, त्यांचं मात्र सुसाट. काही मुली जवळच्या खेड्यांतून येतात; घरी रेंज नसते म्हणून फी भरून इथे बसतात. नेमका त्यांचाच तास बुडतो, ते बघवत नाही. १०० चा प्लॅन घेऊ, की प्रत्येकाला ठरावीक वेग बांधून देऊ?

केबल_जोडणी:
बांधून द्या. राउटरमध्ये प्रत्येक यंत्राला २ एमबीपीएस लावा, भांडण मिटेल.

वसतिगृह_नेटवर्क:
ताई, दोन्हीच्या आधी एक तपासणी करा. गर्दीच्या वेळी लॅपटॉपवर पिंग (छोटा संदेश पाठवून जबाब यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा. सकाळी जबाब १०-१५ मिलिसेकंदांत येत असेल आणि रात्री त्याला पाचशेच्या वर लागत असतील, तर दुखणं रांगेचं आहे. मी वसतिगृहाचं नेटवर्क सांभाळतो, तिथे रात्री हेच दिसायचं.

मोडेम-राउटरात पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, थांबवून ठेवायला जागा असते आणि ती बहुधा गरजेपेक्षा मोठी ठेवलेली असते. ३ मेगाबाइटचा साठा ५० एमबीपीएसने उपसायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. पॅकेट हरवलं की टीसीपी (डेटा नीट पोचवायची यंत्रांमधली नियमावली) समजते, रस्ता भरला, आणि वेग कमी करते. साठा मोठा असला की पॅकेट लवकर हरवतच नाही; डाउनलोड करणारा तो भरत राहतो आणि तासिकेतलं आवाजाचं चिमुकलं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. जिम गेटिस या संगणक अभियंत्यांनी २०१० च्या सुमारास घरच्या जोडणीवर हेच पकडलं. ‘बफरब्लोट’ हे नाव त्यांचंच. १०० चा प्लॅन घेतलात तर मोठं डाउनलोड तोही भरून टाकेल.

हरवलेल्या पॅकेटवरून वेग आवरायची शिस्त टीसीपीला कशी लागली तेही सांगतो, कारण सगळं त्यातूनच कळतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर होतं ४०० यार्ड! रांगेत अडकलेली पॅकेटं हरवली असं समजून यंत्रं तीच पुन्हा पुन्हा पाठवत होती. तिथल्याच व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी टीसीपीत उपाय बसवला: हळू सुरुवात करा, जपून वाढवा, नुकसान दिसलं की झटकन कमी करा. १९८८ च्या त्यांच्या निबंधातली ही रीत पुढे इंटरनेटभर पसरली.

पण हे आवरणं पाठवणाऱ्याच्या सुजाणपणावर अवलंबून आहे. नेटवर्क अभियंते जॉन नेगल यांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलं होतं की सगळ्यांची रांग एकच असेल तर जो जास्त ओततो त्यालाच जास्त मिळतं. त्यांनी सुचवलं, प्रत्येक यंत्राची रांग वेगळी ठेवा आणि आळीपाळीने एकेक पॅकेट सोडा. यात मोठी पॅकेटं पाठवणारा फायद्यात राहतो, म्हणून १९८९ मध्ये डीमर्स, केशव आणि शेंकर या संशोधकांनी पॅकेटांऐवजी बिटांचा हिशेब धरला. पंगतीत वाढपी फिरतो तसं समजा: ज्याचं पोट भरलं तो ‘नको’ म्हणतो आणि उरलेलं बाकीच्यांच्या पानात जातं.

म्हणूनच २ एमबीपीएस बांधून देणं मला पटत नाही. समजा रात्री दहा जण जोडलेले आहेत. आठ जणांच्या तासिकेला प्रत्येकी दीड लागतं, म्हणजे १२. उरलेले ३८ दोघा डाउनलोडवाल्यांना १९-१९ मिळू शकतात आणि तासिकांना धक्काही लागत नाही. वेग बांधलात तर एकूण १६ वापरले जातील, ३४ वाया. ज्याला रात्रीत आठवड्याची लेक्चरं उतरवायची आहेत, तोही तुमचाच विद्यार्थी आहे.

आता वाटा मोजायचा कुणाचा? डाउनलोड मॅनेजर एका फाइलसाठी सोळा जोडण्या उघडू शकतो. राउटर जोडणीगणिक समान वाटत असेल, तर त्याचे सोळा आणि शेजारच्या मुलीचा एक, म्हणजे सतरातले सोळा भाग त्याचे. हे मला न्याय्य वाटत नाही. वाटा यंत्रागणिक मोजा.

ओपन-डब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी मुक्त प्रणाली) चालणारा राउटर घ्या, त्यात एसक्यूएम (रांग सांभाळणारं पॅकेज) बसवा आणि रांग लावायची पद्धत म्हणून ‘केक’ निवडा. डाउनलोडच्या प्रगत पर्यायांत ‘नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट’, अपलोडच्या ‘नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट’ लिहा, म्हणजे वाटा यंत्रागणिक मोजला जाईल. राउटर आतल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकच पत्ता दाखवतो, त्याला नॅट म्हणतात; तो शब्द विसरू नका, नाहीतर आतली सगळी यंत्रं केकला एकच दिसतील. वेगाच्या जागी ५० ऐवजी ४५ टाका, म्हणजे रांग कंपनीच्या उपकरणात न साचता तुमच्या हातात राहील. हार्डवेअर ऑफलोडिंग (पॅकेटं थेट चिपकडून पुढे ढकलायची सोय) बंद ठेवा, नाहीतर पॅकेटं केकला वळसा घालून जातात.

केबल_जोडणी:
जोडण्यांचा मुद्दा पटला. आमच्याकडेही वेग बांधलाय, पण दुपारी दोनच गिऱ्हाइकं असली तरी ती २ वरच अडकलेली असतात. केक लावून बघतो.

अभ्यासिका_लातूर:
पिंग सकाळी १२, रात्री ७४० च्या आसपास होता. भाच्याने राउटर बसवून दिला. आता रात्रीही तिशीच्या पुढे क्वचित जातो, तासिका अखंड चालतात. दोन शंका. काही जण फोन आणि लॅपटॉप दोन्ही जोडतात, त्यांना दोन वाटे मिळतात का? आणि खिडकीच्या टोकाच्या खुर्च्यांवर अजूनही अडखळतं.

वसतिगृह_नेटवर्क:
हो, दोन मिळतात. केकला पत्ते दिसतात, माणसं दिसत नाहीत. तासिका फोनवर आणि टिपणं लॅपटॉपवर असं बरेच जण करतात, तेव्हा त्रास होत नाही तोवर राहू द्या. तक्रार आली तर नावामागे एकच यंत्र नोंदवा.

खिडकीचा घोटाळा वायफायचा आहे, केकचा तिथे इलाज नाही. दूरचं यंत्र हळू वेगाने बोलतं, तेवढ्याच डेटाला हवेतला जास्त वेळ घेतं, आणि तो वेळ सगळ्यांच्याच वाट्यातून जातो. त्या टोकापर्यंत केबल ओढा आणि दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारं उपकरण) ५ गिगाहर्ट्झवर, वेगळ्या चॅनेलला लावा. वायफायचा सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा रिपीटर मात्र घेऊ नका. साध्या रिपीटरमुळे तेच पॅकेट हवेतून दोनदा जातं.